दोनशे बारा मीटर

३ फेब्रुवारी
कांद्याच्या शेतातून

धाकट्या जाऊबाईंस,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. आपल्यात प्रेमाचं काही उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार.

बावीस वर्षं मी तुमच्याशी बोललेले नाही आणि आजही बोलत नाही. फक्त लिहिते आहे. अनुदान कचेरीचं पत्र मला आलं तसं तुम्हालाही आलं असणार. तरी दोघींनी दोन अर्थ काढू नयेत म्हणून सांगते. शेताला जिवंत कुंपण राखणाऱ्यांना सरकार यंदापासून पाच वर्षं मीटरमागे पैसे देणार आहे. मी अर्ज केला, दोनशे बारा मीटरचा. आता कळतं की तुम्हीही केलात, दोनशे बारा मीटरचाच. कचेरीवाल्यांनी वरून काढलेला फोटो बघितला, तर कुंपण एकच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना निदान शेळ्या मोजता येतात, हे एक बरं झालं.

कुंपण कोणाचं ते ३१ मार्चच्या आत लेखी कळवा, नाहीतर दोन्ही अर्ज रद्द, असं ते म्हणतात. नुसते पैसे जाणार असते तर मी म्हटलं असतं, गेले उडत. पण खाली आणखी एक ओळ आहे, ती तुम्ही चष्मा लावून वाचा. पाण्याची नवी चारी आपल्या बांधावरून खणायची ठरली आहे. नोंद झालेलं कुंपण असलं तर चारी वळवून नेतात. नसलं तर १ एप्रिलला यंत्र येतं आणि कुंपण मुळासकट उपटतं.

त्या कुंपणाची एकेक फांदी मी माझ्या माहेराहून आणून लावली आहे. वाटण्या झाल्या त्याच आठवड्यात लावली, तुम्हाला माहीत आहे कशासाठी. तेव्हा अर्ज मागे घ्या. आयत्या बिळावर नागोबा होऊ नका.

आणि विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. पहिली पाच-सहा वर्षं कुंपण कमरेएवढं होतं. मग तुम्ही ते दर वर्षी वाढवत नेलंत. आज माझ्या डोक्यावरून वीतभर वर गेलं आहे. माझं तोंड बघायचं नव्हतं तर तसं कळवायचं होतं, मीच घरात बसले असते.

थोरली


८ फेब्रुवारी
लिंबाच्या बागेतून

जाऊबाईंस,

तुमचा नुसता नमस्कार पोचला. माझा साष्टांग धरा, तुम्ही थोरल्या आहात.

पत्र यायला पाच दिवस लागले. ते तुमच्या दारातून शहरात गेलं, तिथे शिक्का खाल्ला आणि तीस पावलांवर माझ्या दारात आलं. पोस्टमन म्हणाला, बाई, कुंपणावरून फेकलं असतं तरी पोचलं असतं. मी म्हटलं, आमच्यात फेकाफेक पुष्कळ झाली, आता टपालानेच येऊ दे.

मुद्द्याचं सांगते. चष्मा मी लावला आणि वरच्या ओळीही वाचल्या. पैसे कुंपण लावणाऱ्याला नाहीत, राखणाऱ्याला आहेत. राखणारी मी. वर्षातून दोनदा छाटते. वेल चढले की मुळाशी जाऊन खणून काढते. कुठे फांदी वाळली तर शेजारची वाकवून तिथे रुजवते. कोंबडीचं पिल्लू जाईल एवढी फट त्या दोनशे बारा मीटरमध्ये दाखवा, मी अर्ज फाडून टाकते. बाहेरगावचे बागवाले माझं कुंपण बघायला येतात. मागच्या वर्षी एकाने विचारलं, हे छाटायला माणूस कोण ठेवला आहे? मी म्हटलं, तो माणूस तुमच्याशी बोलतो आहे.

राहिली उंची. मी वाढवली नाही, तुम्ही वाढवलीत. तुमच्या बाजूने जेवढं ठेवलेलं दिसतं त्याच्याशी मी माझी बाजू बरोबर करते, बोटभर कमी नाही की जास्त नाही. तुमचे दीर ट्रकवरून महिन्यातून दोनदा घरी येतात, तेच म्हणतात की वहिनीचा राग अजून वाढतोच आहे, कुंपण बघ. आता मला सांगा, तोंड कोणाला कोणाचं नको होतं?

धाकटी


१३ फेब्रुवारी
कांद्याच्या शेतातून

धाकटे,

तुम्ही-आम्ही बंद. ज्या मुलीला मी कात्री धरायला शिकवली तिला अहो-जाहो करताना माझं तोंड दुखतं, आणि रागात तर मुळीच जमत नाही.

मी उंची वाढवली? मी? अगं, दर छाटणीला मी आधी तुझी बाजू बघते आणि तेवढंच ठेवते. तू दीडशहाणी आहेस हे मला लग्नात तुला बघितलं तेव्हाच कळलं होतं.

राखण्याचं कौतुक मला सांगू नकोस. आधी उभं राहिलं तर राखायचं ना? तीनशे शेहेचाळीस फांद्या होत्या. दोन-दोन फुटांवर एक. आमच्या भावाच्या गाडीतून ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या आणि एकटीने लावल्या, कारण ह्यांचा पाय त्याच महिन्यात मोडला. लावल्या आणि ह्यांना घेऊन शहरातल्या इस्पितळात गेले ती अडीच महिन्यांनी परत आले. उन्हाळा होता. विहिरींनी तळ गाठला होता. मला वाटलं सगळं जळून गेलं असणार. येऊन बघते तर तीनशे शेहेचाळीसच्या तीनशे शेहेचाळीस हिरव्या. एक म्हणून मेली नव्हती. हे रडले बघून. इस्पितळात रडले नाहीत ते तिथे बांधावर रडले. म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

तेव्हा ते कुंपण माझ्या हाताचा गुण आहे. तो सरकारने तुझ्या नावावर लिहिलेला मला चालणार नाही.

आणि दोराचं तू विसरली असशील, मी नाही. वाटणीच्या दिवशी दोराने जमीन मोजताना चार माणसांत तू म्हणालीस, भाऊजी दोर आखडता धरताय. माझ्या माणसाला चोर म्हणालीस. त्या दिवशी मी शपथ घेतली की तुझ्या घराची पायरी चढणार नाही. चढलेले नाही. चढणार नाही.

थोरली


१७ फेब्रुवारी
लिंबाच्या बागेतून

जाऊबाईंस,

हे लिहायचं नाही असं मी बावीस वर्षं ठरवलं होतं. पण हाताचा गुण वाचलं आणि माझ्याने राहवलं नाही.

तो गुण नव्हता. त्या वीस बादल्या होत्या. रोज पहाटे वीस बादल्या, अडीच महिने. एका बादलीत सतरा-अठरा झाडं भागायची. आमच्या विहिरीला तेव्हा गुडघाभर पाणी होतं, तरी आधी तुमच्या फांद्या आणि मग माझी लिंबाची रोपं. लिंबाची अकरा रोपं त्या उन्हाळ्यात गेली. तुमची एकही नाही. कुंपण तेव्हा गुडघ्याएवढंही नव्हतं. मी ते ओलांडून तुमच्या बाजूला यायची, तिकडून आळी करायची आणि उजाडायच्या आत परत जायची.

का केलं ते विचारू नका असं लिहिणार होते, पण तुम्ही विचारणारच. लोकांनी म्हणायला नको की थोरली नवऱ्याला घेऊन इस्पितळात आणि धाकटीने तिची रोपं वाळू दिली. आमच्या दोघींचं भांडण आहे, माझं झाडांशी नाही. एवढंच कारण होतं. निदान पहिल्या आठवड्यात एवढंच होतं. पुढे सवय लागली, आणि रोज सकाळी मोजायची की सगळी आहेत ना.

भाऊजी रडले ते मला माहीत होतं. मी विहिरीपाशी उभी होते, ऐकलं. तेव्हाच येऊन सांगणार होते. पण ते म्हणाले तुझ्या हाताला गुण आहे, आणि मला वाटलं, राहू दे.

दोराचं मी विसरलेले नाही. चार माणसांत बोलायला नको होतं. पण दोर आखडता होता असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं, आणि मी न वाटलेलं बोलत नाही.

धाकटी


६ मार्च
कांद्याच्या शेतातून

धाकटे,

सतरा दिवस पत्र नाही म्हणून पोस्टमनने विचारलं, काय, मिटलं वाटतं? मी म्हटलं, आपलं काम कर.

तुझं पत्र मी एकदाच वाचलं. पुन्हा उघडायची हिंमत झाली नाही. त्या संध्याकाळी बांधाने चालत गेले आणि झाडं मोजली. तीनशे शेहेचाळीस. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर मान ताठ ठेवून चालले ती अर्धी दुसऱ्याची निघाली. ह्यांना आता सांगताही येत नाही. ते असते तर तुझ्याकडे गेले असते. ते माझ्यासारखे नव्हते.

पण मी माझ्यासारखीच आहे. दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा मी घेत नाही. आज नोंदणी टपालाने कचेरीला कळवलं की माझा अर्ज मागे घेते, कुंपण धाकटीचं आहे. पैसे तू घे. आभार मानू नकोस, मला ते सहन होणार नाहीत.

त्या अकरा रोपांचं मला माहीत नव्हतं.

थोरली


६ मार्च
लिंबाच्या बागेतून

जाऊबाईंस,

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे रागावलात. रागवा. पण हे वाचा.

परवा पाण्याच्या टाकीला गळती लागली म्हणून शिडी लावून छतावर चढले. कुंपण उंच झाल्यापासून तुमचं शेत मी बघितलं नव्हतं. वरून सगळं दिसलं. कांदा काय सुरेख उभा आहे, एकसारखा. फक्त कुंपणाच्या कडेच्या दोन ओळी पिवळ्या आणि खुरट्या आहेत. आधी वाटलं रोग पडला. मग तासभर तिथेच बसले, कुंपणाची सावली सरकत सरकत त्या दोन ओळींवर येऊन थांबली, तेव्हा उजेड पडला. इकडे माझ्या बाजूला कुंपणालगतची लिंबाची ओळ सगळ्या बागेत जास्त भरलेली, कारण वारा अडतो आणि फुलं टिकतात.

कुंपणच शेत खातं असं नुसतं ऐकून होते. ते तुमच्याकडे खातं आणि माझं पोसतं. दर वर्षी त्या दोन ओळी तुम्ही लावता आणि दर वर्षी गमावता, पण एकदाही कुंपण खाली उतरवलं नाहीत आणि एका शब्दाने बोलला नाहीत. मी मात्र बागवाल्यांना माझं कुंपण म्हणून दाखवत बसले.

फायदा माझा, तोटा तुमचा आणि वर अनुदानही मलाच, एवढी काही मी लोचट नाही. आज सकाळीच नोंदणी टपालाने अर्ज मागे घेतला. कुंपण थोरलीचं आहे असं स्वच्छ लिहिलं. पैसे तुम्ही घ्या.

धाकटी


१६ मार्च
अनुदान कचेरीतून
(दोघींना एकेक प्रत)

विषय : जिवंत कुंपण, २१२ मीटर.

उपरोक्त कुंपणाबाबत दोन्ही अर्जदारांची माघारपत्रे एकाच दिवशी प्राप्त झाली आहेत. दोन्ही पत्रांत कुंपण दुसऱ्या अर्जदाराचे असल्याचे नमूद आहे. परिणामी सदर कुंपणास आज कोणीही मालक नाही. ३१ मार्चपर्यंत नवीन अर्ज न आल्यास कुंपण अनोंदित समजण्यात येईल व चारीचे काम आखणीप्रमाणे सुरू होईल.

या कचेरीत मालकीसाठी भांडणारे पुष्कळ अर्ज येतात. अशा प्रकारचा हा पहिलाच आहे.

निरीक्षक


२० मार्च
कांद्याच्या शेतातून

धाकटे,

हे पत्र तिकीट न लावता पोस्टमनच्या हातात देते आहे, सायकल फिरवून लगेच तुझ्या दारात टाक म्हटलं. पाच दिवस थांबायला वेळ नाही.

तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं. तुला कोणी सांगितलं होतं माघार घ्यायला? मी घेतली होती ना? दोघींनी हात दाखवून अवलक्षण केलं. काल दोन माणसं येऊन बांधाच्या टोकाला लाल रंगाची खुंटी ठोकून गेली. मी ती उपटून चुलीत घातली. आज पुन्हा ठोकून गेली.

पैसे गेले तर जाऊ देत, पण ते कुंपण मी उपटू देणार नाही. आडवी पडेन यंत्रापुढे. तू शिकलेली आहेस, कचेरीची भाषा तुला येते. काहीतरी कर.

दोन ओळींचं मनावर घेऊ नकोस. दोन ओळी कांद्याने मी काही भिकेला लागत नाही. तुझ्या बागेला पहिला बहर आला ते वर्ष मला आठवतं. कुंपण कमरेएवढंच होतं. एका दुपारी वारा सुटला आणि सगळी फुलं खाली आली. तू झाडाखाली बसली होतीस आणि फुलं वेचून पदरात घालत होतीस, जशी काही ती परत लावता येणार होती. मी कुंपणाच्या या बाजूला उभी होते. बोलले नाही. पण तेव्हा ठरवलं की हे कुंपण आपल्या बाजूने कधी खाली घ्यायचं नाही.

थोरली


२२ मार्च
लिंबाच्या बागेतून

जाऊबाई,

पोस्टमन आता आपल्या दोघींचा घरगडी झाला आहे. माझंही पत्र तोच आणतो आहे, तिकिटाविना. त्याला थोडी लिंबं दिली, तुम्ही कांदे द्या.

काल कचेरीत जाऊन आले. निरीक्षक तरुण आहे, पण माणूस बरा. त्याने आपली चारही पत्रं एकावर एक टाचून ठेवली आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. त्याने वाट काढली. नियमात संयुक्त नोंद म्हणून एक कलम आहे, कुंपण दोघींच्या नावावर होतं आणि पैसे अर्धे-अर्धे. आजवर कोणी वापरलेलं नाही. अट एकच, त्याच्यासमोर, कुंपणापाशी, दोघींनी एकाच वेळी एकाच कागदावर सही करायची. तो बुधवारी, २८ तारखेला येतो आहे.

दोन गोष्टी आणखी. उंचीचं कोडं त्याने सोडवलं. मी त्याला सांगितलं की ती माझ्याएवढं ठेवते आणि मी तिच्याएवढं ठेवते, तरी कुंपण वाढतंच. त्याने विचारलं, आधी कोण छाटतं? मी म्हटलं, थोरली, आणि आठ दिवसांनी मी. तो हसायलाच लागला. आठ दिवसांत तुमच्या बाजूला बोटभर नवी पालवी येते, मी तिच्याएवढं ठेवते. पुढच्या खेपेला तुम्ही माझ्याएवढं ठेवता. म्हणजे दर छाटणीला बोटभर. तोंड कोणालाच कोणाचं चुकवायचं नव्हतं, जाऊबाई. दोघी एकमेकींकडे बघून कापत होतो.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते, पण मी न झालेलं सांगत नाही आणि झालेलं लपवत नाही. त्याच्याकडे दोन्ही शेतांचा नकाशा होता, वरून मोजलेला. मी विचारलं. माझा वाटा तुमच्यापेक्षा दीड फूट रुंद आहे. भाऊजींनी दोर आखडता धरला नव्हता. सैल सोडला होता. बाईसमोर दोर ताणणं बरं नाही म्हणून सोडला असेल, किंवा धाकट्या भावाला म्हणून. मी ज्याला चोर म्हटलं त्याने मला दीड फूट जास्त दिलं होतं, आणि ऐकून घेऊन गप्प बसला.

माफी कागदावर मागण्यासारखी नाही. बुधवारी आधी घरी या, मग मिळून कुंपणापाशी सही करू.

धाकटी


२४ मार्च
कांद्याच्या शेतातून

धाकटे,

सप्रेम नमस्कार. रीत म्हणून लिहिलेला नाही.

दोर सैल सोडला ते मला माहीत होतं. ते रात्री मला म्हणाले होते की तिची बाग व्हायची आहे, तिला जागा लागेल. म्हणून तर तू बोललीस ते मला जास्त लागलं. सांगितलं असतं तर तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, म्हणून सांगू नकोस म्हणाले. मीही राहू दे म्हटलं. तू एकटीच नाहीस राहू दे म्हणणारी.

पण घरी येणार नाही. राग आहे म्हणून नाही. शपथ ती शपथ, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तू माझ्याबद्दल आधीपासून जाणतेस. आणि गुडघ्यामुळे रस्त्याने अर्ध्या किलोमीटरचा वळसाही मला जमत नाही. बुधवारी मी कुंपणापाशी उभी राहीन, माझ्या बाजूला. तू तुझ्या बाजूला राहा. कागदाचं काय ते निरीक्षक बघेल.

थोरली


१२ जून
अनुदान कचेरीतून

विषय : जिवंत कुंपण, संयुक्त नोंद. रकमेत कपात.

नोंदणीच्या वेळी कुंपणाची लांबी २१२ मीटर होती. मे महिन्यात वरून काढलेल्या फोटोत कुंपणाच्या मध्यावर दीड मीटरचा खंड आढळला आहे. नियमानुसार अनुदान २१०.५ मीटरचेच देय राहील. सदर खंड नवीन लागवडीने भरून काढल्यास पुढील वर्षापासून पूर्ण रक्कम मिळेल. खंडाचे कारण व तो केव्हा भरणार, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे.

लेखा विभाग


१७ जून
बांधावरून

साहेब,

सांगते थोरली, लिहिते धाकटी, कारण माझं अक्षर तुमच्या कचेरीला लागत नाही असं कळलं.

खंडाचं कारण तुमचाच माणूस आहे. २८ मार्चला तुमचा निरीक्षक आला. मी या बाजूला, धाकटी त्या बाजूला. आधी त्याने आपलं पाण्याचा बुडबुडा असलेलं यंत्र काढलं आणि कुंपणाच्या माथ्यावर दहा ठिकाणी ठेवून बघितलं. बुडबुडा दहाही वेळा मधोमध थांबला. तो म्हणाला की दोन माणसांनी, न बोलता, दोन बाजूंनी कापलेलं असं कुंपण त्याने जिल्ह्यात बघितलेलं नाही. हे तुमच्या कागदपत्रांत नसेल तर घालून घ्या.

मग कागद काढला. माझी सही झाली. आता तो पलीकडे द्यायचा तर कुंपण डोक्यावरून वर, आणि मधून द्यायचा तर फट नाही. त्याने घडी करून फांद्यांतून सरकवायला बघितला, तो अर्ध्यावर अडकला आणि कोपऱ्याला फाटला. आमच्या कुंपणातून कागदसुद्धा जात नाही, साहेब. आणि नियम म्हणतो, दोघी एका जागी. तो म्हणाला, मावशी, रस्त्याने वळसा घेऊ, मी हात धरतो. मी म्हटलं, माझी शपथ आहे आणि गुडघाही आहे.

तेवढ्यात पलीकडून करवतीचा आवाज आला. (धाकटी म्हणते, हे लिहायची गरज नाही. पण लिहिणारी तीच आहे आणि मी थांबत नाही.) मी विचारलं, काय करतेस? बावीस वर्षांत तिच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. ती म्हणाली, "जाऊबाई, पायरी चढायची नाही अशी शपथ आहे ना? इथे पायरी नाही."

मग मीही माझी करवत आणली. बावीस वर्षांची खोडं होती, मनगटाएवढी. पाऊण तास लागला. मधल्या फांदीवर दोघींच्या करवती एकमेकींना लागल्या. तुमचा निरीक्षक तोवर कांद्याच्या क्रेटवर बसून होता आणि नोंदवहीत काही लिहीत नव्हता. तेच क्रेट खंडात ओढून, त्यावर कागद ठेवून धाकटीने सही केली, त्या फाटक्या कोपऱ्यापाशी. मग ती माझ्या बाजूला आली. जवळून बघितलं तर केस पांढरे झाले आहेत तिचे. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खंड केव्हा भरणार? भरणार नाही. सकाळी मी तिथून पलीकडे जाते, दुपारी ती इकडे येते. कडेच्या दोन ओळी आता कांद्याच्या नाहीत, तिथे आम्ही दोघींनी मिळून लिंबाची अकरा रोपं लावली आहेत. सावलीत किती वाढतात ते बघू. उंची यंदापासून आम्ही एकाच दिवशी छाटतो, हनुवटीएवढी ठेवली आहे. वाऱ्याला तेवढी पुरते, आणि पलीकडे कोण आहे ते दिसतं.

बाकीच्या दोनशे साडेदहा मीटरचे पैसे आम्ही हक्काने घेऊ, ते आमचे आहेत. केव्हाही या, तुमचा बुडबुडा घेऊन या, बोटभर वरखाली सापडलं तर सगळी रक्कम परत करू. त्या दीड मीटरचे मात्र आम्हाला नकोत. ते आमचं आम्ही कापलं आहे.

आपल्या,
थोरली
धाकटी